मार खाणाऱ्याला शिट्टी नाही

पहिली थप्पड डाव्या गालावर बसली. खोलीत माझ्याशिवाय नऊ जण होते, सगळे पुरुष. मारणारा एक सोडला तर उरले आठ. त्यांतल्या सहांनी शिट्टी वाजवली. एकाने टाळी. एकाने काहीच नाही.

रविवार, दुपारी सव्वाबारा. लखनौच्या इंदिरा नगरमधल्या एका टाइल्सच्या शोरूमचा वरचा मजला. मी तिथे मार खायला गेले नव्हते. गोष्ट सांगायला गेले होते.

"दीदी, बुरा मत मानिएगा," मारणारा म्हणाला. "फील आ गया था."

दुसऱ्या थपडेनंतर तो हेही म्हणाला नाही. ती जास्त जोरात होती. माझा तोल गेला, खुर्चीची कड हनुवटीला लागली, ओठ दातावर आपटून फाटला. मी गुडघ्यांवर आले. फरशी नवी होती, पांढरी. तिच्यावर रक्ताचे तीन थेंब पडलेले मला स्पष्ट दिसले.

"अब डायलॉग बोलिए," तो म्हणाला.

यापुढचं लिहायची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. मी डायलॉग बोलले.

हे कसं झालं ते क्रमाने सांगते. मी अकरा वर्षं लखनौच्या एका हिंदी दैनिकात क्राइमची बातमीदार होते. क्रमाने सांगायची सवय आहे.

माझे बाबा सैन्यात हवालदार होते. मूळचे हिंगोली जिल्ह्यातले. शेवटची बदली लखनौला झाली, निवृत्तीनंतर त्यांनी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आम्ही बौद्ध आहोत. महाराष्ट्रात आमचं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही, समोरच्याला उत्तर मिळालेलं असतं. लखनौत ते आडनाव कुणाला वाचता येत नाही. इथल्या माणसाला इथली सगळी आडनावं वाचता येतात, आमचं नाही. "महाराष्ट्र से? अच्छा, मराठा! तलवार वाले लोग!" असं म्हणून लोक खूश होतात. मी कधी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. शाळेत, कॉलेजात, वृत्तपत्रात, इतकी वर्षं मी त्या गैरसमजाच्या आडोशाला राहिले.

मग वृत्तपत्राने माणसं कमी केली. मी त्यांत होते.

लखनौत शूटिंगं होत असतात. मुंबईचे लोक येतात, त्यांना इथली बोली लिहून देणारी माणसं लागतात. मी ते करू लागले. पुढे भैयाजींकडे स्थिरावले. भैयाजी म्हणजे त्या शोरूमचे मालक. घरं बांधायचे, टाइल्स विकायचे, आणि त्यांना सिनेमा काढायचा होता. आम्ही चौघं लेखक त्यांच्याकडे होतो. चौघंही नवे. आमचं नाव अजून कुठल्याच पडद्यावर आलेलं नव्हतं. त्यांतला एक सौरभ, अलीगंजचा, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. त्याच्याकडे तीन पटकथा पूर्ण लिहून तयार होत्या. तो त्या सॅकमध्ये घालून स्कूटरवरून फिरवायचा, कधी कोण ऐकेल सांगता येत नाही म्हणून.

भैयाजींचा पहिला सिनेमा एका निवृत्त शिक्षिकेची शांत गोष्ट होती. बरा होता. शुक्रवारी सकाळी दहाचा पहिला शो. हॉलमध्ये चौदा माणसं. त्यांतली नऊ शोरूमची, भैयाजींनीच पाठवलेली. मध्यंतरानंतर उरलेल्या पाचांतले दोन उठून गेले. दुपारचा शो झालाच नाही. थिएटरचा मॅनेजर बाहेर येऊन भैयाजींना हात जोडून म्हणाला, "एक भी टिकट नहीं बिका, भैयाजी. खाली कुर्सियों को क्या दिखाएँ?"

भैयाजी आमच्याकडे वळले. बायको, भाऊ, मॅनेजर, सगळ्यांसमोर म्हणाले, "राइटर लोग डुबो दिए."

सोमवारी चौघांतल्या दोघांना येऊ नका म्हणून निरोप गेला. पडलेल्या सिनेमाचा दिग्दर्शक पुढच्या कामाला लागतो. नटाला कुणीतरी विचारतं. लेखक निर्मात्याच्या जिन्यातच उभा राहतो. आणि पडणारा सिनेमा आपलाच असायला हवा असंही नाही. मुंबईत, हैदराबादेत, कुठेही कुणाचाही सिनेमा पडला की आमची गोष्ट ऐकायची ठरलेली वेळ रद्द व्हायची. "अभी मार्केट ठंडा है." सौरभला हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलं होतं की दर शुक्रवारी तो परीक्षेच्या निकालासारखा दुसऱ्यांच्या सिनेमांचे आकडे बघत बसायचा.

त्या शुक्रवारनंतर भैयाजींनी एक पद्धत काढली.

या धंद्यात कागद कुणी वाचत नाही. लेखकाने उभं राहून अख्खा सिनेमा सांगायचा असतो. सगळ्यांची कामं स्वतः करायची, नायकाचं, आईचं, पोलिसाचं, मरणाऱ्याचं. याला नरेशन म्हणतात. भैयाजींनी नरेशनला पब्लिक बसवायला सुरुवात केली. पब्लिक म्हणजे दोन साइट सुपरवायझर, गोदामातले दोघं, ड्रायव्हर आणि मेहुणा. "तुम लोग टिकट कटा के देखते हो, तुम बताओ," असं त्यांना सांगितलेलं. जिथे आवडलं तिथे शिट्टी वाजवायची. सौरभ कोपऱ्यात बसून पानाच्या कडेला खूण करायचा. खूण नसलेलं पान काढून टाकायचं.

बाहेरून आलेल्या एका लेखकाला मी तिथे पाऊण तास गोष्ट सांगताना बघितलं. दीड वर्ष लिहिलेली. एकही खूण नाही. भैयाजी त्याला म्हणाले, "बेटा, कोई फॉर्म-वार्म भर दो सरकारी नौकरी का." पब्लिक हसली. त्या हसण्यावर सौरभने सवयीने खूण केली, मग खोडली.

"रोना तो घर में फ्री है," भैयाजी म्हणायचे. "आदमी टिकट कटाता है मार-धाड़ के लिए. मार-धाड़ लाओ."

माझ्याकडे एक मार होता. माझ्या बाबांनी खाल्लेला.

आमच्या सेक्टरच्या पार्कात होळीचा मंडप पडतो, भंडाऱ्याचा पडतो, लग्नांचेही पडतात. एका एप्रिलमध्ये बाबांनी जयंतीचा मंडप टाकला. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की एकच. निळा झेंडा, फोटो, हार, खीर. पन्नासेक माणसं आली, खीर खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेंटवाल्याबरोबर मंडप सोडवत होते. आमच्याच गल्लीतली माणसं आली आणि मंडपाच्या बांबूंनी त्यांना मारलं. उजवं मनगट मोडलं. दोन बरगड्यांना तडा. डोक्याला सात टाके. टेंटवाला पळून गेला, असं मला कळलं होतं. मारताना जातीवरून जे बोलले ते बाबांनी आईला सांगितलं. मला नाही.

त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. ती बातमी मीच लिहिली. अजून पाठ आहे: "पार्क में टेंट हटाने को लेकर दो पक्षों में मारपीट, एक बुजुर्ग घायल." खाली चार ओळी.

दोन पक्ष. एका पक्षात एकसष्ट वर्षांचा एक माणूस होता.

डेस्कचा नियम होता, मारपीटच्या बातमीत जात घालायची नाही, तणाव वाढतो. बाबाही म्हणाले होते, नाव नको. दोन्ही कारणं माझ्या सोयीची होती. बातमीत कारण लिहिलं असतं तर न्यूजरूमला माझं आडनाव वाचता आलं असतं. अकरा वर्षांत अशा किती बातम्या लिहिल्या. नाली को लेकर. बारात को लेकर. हैंडपंप को लेकर. त्या नालीमागे, वरातीमागे, पंपामागे काय होतं ते मला दर वेळी माहीत होतं. मी दर वेळी गाळलं.

पटकथेतही गाळलं. म्हाताऱ्याला जात दिली नाही. जयंती काढली, झेंडा काढला, पार्कच्या जागेचा वाद घातला. मारणारे चार केले, कारण चौघं चौकटीत चांगले दिसतात. आणि म्हाताऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातलं: "हाथ मत लगाना. मैं फौजी हूँ." या वाक्यावर शिट्टी येणार याची मला खात्री होती. घरी कुणाला सांगितलं नाही.

तो रविवार. मी गोष्ट सांगायला उभी राहिले. मारणाऱ्याचं काम मी चांगलं केलं. अशी माणसं मी ठाण्यांच्या बाकांवर अकरा वर्षं जवळून पाहिली होती. ती ओरडत नाहीत. आधी बाही दुमडतात, शांतपणे, जेवायला बसल्यासारखी. मी बाही दुमडली. टेबलावरची लांब पट्टी उचलली आणि हवेत बांबू फिरवला.

शिट्टी वाजली.

मला वाटलं कुणाची तरी चूक झाली. मी पट्टी पुन्हा फिरवली. या वेळी तीन शिट्ट्या. म्हातारा खाली पडला तेव्हा खोली दणाणत होती. मग मी म्हातारा झाले, खालून वर बघितलं आणि म्हणाले, मैं फौजी हूँ. एकही शिट्टी नाही. गोदामातल्या एकाने मोबाइल काढला.

हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. त्या लोकांचा दोष नंतर बघू. म्हाताऱ्याला का मारतात हेच मी सांगितलं नव्हतं. कारण काढून घेतलं की फक्त मारणं उरतं, आणि मारणारा उठून दिसतो. तो मी घडवला होता.

"सीटी किस पे बजी?" भैयाजींनी सौरभला विचारलं.

सौरभने माझ्याकडे बघितलं नाही. "मारने वाले पे, भैयाजी."

"तो हीरो कौन हुआ?"

सौरभ पानं उलटू लागला.

"अरे, हीरो वही हुआ न जिस पे सीटी बजी! बूढ़े ने पार्क पे कब्जा कर रखा है. मोहल्ला परेशान है. लड़का आता है, सफाई कर देता है. हिट है ये."

छोटे भैया खुर्चीतून उठले. हे भैयाजींचे धाकटे भाऊ. सिनेमे काढायचे ते मुळात यांना हीरो करायला. "ये वाला रोल तो मैं ही करूँगा, बता दे रहा हूँ."

"सर, बूढ़ा गलत नहीं है," मी म्हणाले. "कहानी ही उसकी है."

"मैडम, पिछली बार चौदह आदमी आए थे. चौदह. ये वाली कौन देखेगा? बूढ़े के घरवाले?"

सगळे हसले. मीही थोडी हसले. ते सवयीचं हसू होतं, बॉसच्या विनोदावरचं.

"करके देख लेते हैं," छोटे भैया म्हणाले. त्यांनी बाही दुमडली. मी दाखवली होती तशीच. "दीदी, आप बूढ़ा बन जाइए."

आणि मी बनले. कुणी सांगेल ते पात्र व्हायचं, ही माझी सवय झाली होती. शिवाय हा सिनेमा झाला नसता तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी हात खाली सोडून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी मारलं. दोन थपडा, शिट्ट्या, खुर्चीची कड, रक्त, हे वर लिहिलं आहे.

गुडघ्यांवरून मी म्हणाले, "मैं फौजी हूँ."

"फौजी काट दो," भैयाजी सौरभला म्हणाले. "फौजी को मारेगा तो पब्लिक हीरो को ही गाली देगी. चौकीदार कर दो."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. एक आडवी रेघ. तो आवाज थपडेपेक्षा मोठा होता.

"नहीं कटेगा," मी म्हणाले.

"क्या?"

"फौजी नहीं कटेगा. वो मेरे पापा हैं. ये उनके साथ हुआ है."

"अरे," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. "पहले बताना था न, बेटा. क्यों मारा था?"

मी अजून खालीच होते. तिथूनच सांगितलं. जयंती होती. निळा झेंडा लावला होता. आम्ही बौद्ध आहोत, इथे ज्याला तुम्ही दलित म्हणता ते. झेंडा लावला म्हणून मारलं. इतकंच. अकरा वर्षांत एकदाही न लिहिलेलं मी वीस सेकंदांत सांगितलं.

मोठा सुपरवायझर म्हणाला, "तभी."

एकच शब्द. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

मेहुण्याने विचारलं, "मराठी में भी होते हैं क्या?" त्याने खऱ्या कुतूहलाने विचारलं.

"तो सीन और रियल हो गया, भाई!" छोटे भैया म्हणाले. त्यांना आनंद झाला होता. "दीदी, पापा को जो गाली दी थी, वो बताइए. वही डालते हैं. और आप बैठिए मत. लेटिए." त्यांनी बूट माझ्या खांद्यावर ठेवला आणि दाबला. "लेटिए न."

भिंतीशी टाइल्सचे नमुने टेकवून ठेवले होते. हाताला आली ती टाइल मी उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या नडगीवर मारली. ती फुटली. ते ओरडले. हातात उरलेला अर्धा तुकडा मी त्यांच्या गुडघ्यावर मारला. मग आणखी एकदा, तिथेच. त्यांच्या पॅन्टमधून रक्त आलं.

हे मी स्वतःहून लिहिते आहे. पोलिसांनाही सांगितलं. मारलं. तीन वेळा. चुकून लागलेलं नाही.

पुढचं पूर्ण आठवत नाही, आठवतं तेवढं सांगते. मोठ्या सुपरवायझरने मागून केस धरले. पोटात लाथ, कुणाची ते दिसलं नाही. पाठीत दोन. भैयाजी "अरे छोड़ो, छोड़ो" म्हणत होते, पण खुर्चीतून उठले नाहीत. मला दारापर्यंत केसांनी ओढलं आणि जिन्यावरून ढकललं. पंधरा पायऱ्या आहेत. खाली रविवारचं गिऱ्हाईक बाथरूमच्या टाइल्स बघत होतं. एका बाईने आपल्या मुलीचे डोळे झाकले.

सौरभने मला स्कूटरवर बसवून हॉस्पिटलला नेलं. तो रडत होता. सिग्नलला म्हणाला, "दीदी, बोलने की क्या जरूरत थी? सीन तो निकल ही रहा था."

डॉक्टरने सवयीने विचारलं, "गिर गईं?"

"नहीं. मारा है. लिखिए."

ओठाला चार टाके. डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र. डाव्या हाताच्या करंगळीचं हाड मोडलेलं. पाठीवर दोन वळ, एक बुटाच्या टाचेच्या आकाराचा. मी त्याला प्रत्येक जखम मोजून लिहायला लावली. दुसऱ्यांच्या जखमांचे असे कागद मी शेकड्यांनी वाचले होते. त्यावर काय राहून जातं ते मला माहीत आहे.

घरी आईने दार उघडलं. "तोंडाला काय झालंय? कोण मारलं तुला? बोल की."

बाबा आत बसून टीव्ही बघत होते. त्यांचं उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. पटकथा कशाची होती तेही.

बाबांनी टीव्ही बंद केला. माझ्या ओठाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझा मार तू विकायला काढलास?"

हो, काढला होता. भैयाजींनी केलं ते नंतर. त्याआधी मी केलं होतं. त्यांना न विचारता त्यांचं मनगट, त्यांचं डोकं, त्यांच्या बरगड्या मी त्या खोलीत नेऊन मांडल्या होत्या, खूण मिळावी म्हणून. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सौरभचा फोन. "दीदी, भैयाजी बात खत्म करना चाहते हैं. छोटे भैया की तरफ से भी कोई शिकायत नहीं होगी. आप थाने मत जाइए, और कहानी जैसी अब बनी है वैसी बनने दीजिए. बदले में नाम देंगे. लेखिका. अकेला नाम, पूरा पर्दा. दीदी, अकेला नाम! मैं तो इसके लिए किडनी दे दूँ."

"और मैं ना बोलूँ तो?"

"मुझे लिखने को बोला है. मैं मना नहीं कर पाऊँगा, दीदी. आप तो जानती हैं. और कौन सुन रहा है मेरी?"

मला माहीत होतं. म्हणून त्याला शिवी दिली नाही. हॉल रिकामे जातात तेव्हा आमच्यासारख्यांत असंच होतं. एकाला लाथ बसते आणि दुसरा त्याच्या जागी बसायला धावतो, कारण जागा एकच उरलेली असते.

मी लगेच नाही म्हणाले नाही. हे लपवणार नाही. एक अख्खी संध्याकाळ मी गच्चीवर बसून ते नाव बघत होते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माझं पूर्ण नाव, ते आडनाव. इतकी वर्षं तेवढंच हवं होतं. आणि त्या नावाखाली काय चालणार होतं तेही बघितलं. एक तरुण बाही दुमडतो, माझ्या बापाला बांबूने मारतो, आणि हॉल शिट्ट्या वाजवतो. कथा, पटकथा, संवाद: त्याची मुलगी.

सकाळी मी वही घेऊन बाबांसमोर बसले. बातमीदार बसतो तशी.

"बाबा, तुमच्यावर झालेल्या माराची मला तक्रार लिहायची आहे. माझ्या माराबरोबर. तुमचं नाव घालू का?"

ते वर्तमानपत्र वाचत होते. घडी घातली नाही. "सिनेमात काय लिहिलं होतंस ते वाच आधी."

मी तो प्रसंग वाचला. डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

"तिघं होते. चौघं नव्हते."

मी दुरुस्त केलं.

"टेंटवाला पळाला नाही. त्याला धरून ठेवलं होतं. बघायला लावलं."

मी दुरुस्त केलं.

"आणि मी फौजी आहे, असं मी म्हणालो नाही."

"मग काय म्हणालात?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नका सांगू हो ते. कशाला पोरीला?"

"लिहू दे तिला," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "भैया, मत मारो, म्हणालो. हात जोडून. मनगट मोडलेलं होतं, हात उचलत नव्हता. दुसऱ्या हाताने तो उचलला आणि जोडला. बावीस वर्षं नोकरी केली मी. तीन पोरांपुढे हात जोडले. तरी थांबले नाहीत." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "लिहायचं तर ते लिही. माझं नाव घाल. ते शूरपणाचं नको घालूस."

मी लिहिलं. जसं सांगितलं तसं, एकही शब्द न वाढवता. वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने सही केली.

ठाण्यात म्हणाले, फिल्म का मामला है, समझौता कर लीजिए. मी तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी परत गेले, बाबांचं जातीचं प्रमाणपत्र आणि दवाखान्याचे जुने कागद घेऊन. तिसऱ्या दिवशी तक्रार घेतली. कारणासकट. जातीच्या रकान्यात काय लिहायचं ते तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीने हळू आवाजात विचारलं, मला संकोच नको म्हणून. मी मोठ्याने सांगितलं. माझ्याविरुद्धही गुन्हा आहे, टाइलचा. तो मी नाकारणार नाही.

भैयाजींना मी एका ओळीत कळवलं: नाव नको, कहाणी देणार नाही.

शूटिंग सुरू झालं आहे. म्हातारा चौकीदार आहे आणि तो पार्क बळकावतो. सौरभ लिहितो. मी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. बहुतेक ते थांबणार नाहीत. त्यांना सिनेमा विकायचा आहे, आणि मारणारा विकला जातो असं त्यांना माझ्याकडूनच कळलं आहे.

यापुढे मी कुणासमोर उभी राहून गोष्ट सांगणार नाही. ज्याला हवी त्याने बसून वाचावी. माझ्या कुठल्याही पानावर माणूस कारणाशिवाय मार खाणार नाही. यामुळे कुणी काम देणार नाही, हे मला माहीत आहे.

तो सिनेमा ज्या दिवशी लागेल त्या दिवशी पहिल्या शोच्या आधी मी थिएटरच्या दारात असेन. माझ्या हातात एक छापील पान असेल. हिंदीत. किती जणांनी मारलं, कशाने मारलं, कुणाला मारलं, का मारलं. खाली बाबांचं पूर्ण नाव, खाली माझं. तिकीट काढून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी ते देईन. पाच आले तर पाच. पाचशे आले तर पाचशे. गार्ड मला ओढून बाहेर काढतील. मी पुढच्या शोला तिथेच येईन, आणि त्याच्या पुढच्या, सिनेमा उतरेपर्यंत.